चोथा जानेवारीचा, अळ्या पावसाळ्यातल्या

महाराष्ट्रात वाइनवर २० टक्के मूल्यवर्धित कर आहे. राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनच्या बाबतीत त्या वीस टक्क्यांपैकी १६ टक्क्यांचा भाग प्रोत्साहन योजनेखाली उत्पादकाला परत मिळतो. कर जवळजवळ सगळाच सोडला जातो, आणि त्याचं समर्थन शेतकऱ्याच्या नावाने होतं: त्याच्या द्राक्षाला हक्काचं गिऱ्हाईक मिळावं. समर्थन चुकीचं नाही. पण शेतकऱ्याच्या नावाने सवलत घ्यायची तर एक अट पाळायला हरकत नसावी. गाळपानंतर उरलेला चोथा खत होऊन ज्या बागांमधून द्राक्षं आली त्या बागांमध्ये परत गेला पाहिजे. नाशिक-दिंडोरीच्या पट्ट्यात हे काम ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांकडून बऱ्यापैकी स्वस्तात करून घेता येईल. मात्र सध्या या अळ्यांचा जो गाजावाजा चालतो, त्या पद्धतीने ते होणार नाही.

आधी चोथा काय चीज आहे ते पाहू. गाळलेल्या द्राक्षाच्या वजनाच्या २० ते २५ टक्के चोथा उरतो: साल, बिया, थोड्या काड्या आणि दाबूनही न निघालेला रस. ओलावा ६० ते ७० टक्के, सामू (पीएच) चारच्या आसपास. पांढऱ्या वाइनचा चोथा आंबवण्याआधीच दाबून काढतात, म्हणून चेनिन किंवा सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या जातींच्या सालीत साखर तशीच असते. लाल वाइनमध्ये साल रसाबरोबर आंबते, त्यामुळे शिराज-कॅबर्नेसारख्या लाल जातींच्या चोथ्यात साखर जवळपास संपलेली आणि अल्कोहोल मुरलेलं असतं. दोन्ही एका ढिगात टाकले की पांढरा चोथा आंबायला लागतो, ढीग आतून पन्नास अंशांच्या वर तापतो, कडेने आंबट काळपट पाणी झिरपतं आणि त्यावर चिलटांचे थर बसतात. ते पाणी ओढ्याला किंवा विहिरीच्या काठाला गेलं तर पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. ताजा चोथा तसाच बागेत पसरला तर त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य मुळांना त्रास देतं, आणि तो कुजताना जमिनीतलं नत्र काही महिने अडकवून ठेवतो. फ्रान्स-इटलीत या चोथ्याला डिस्टिलरीचं गिऱ्हाईक असतं, त्यातूनच मार्क आणि ग्राप्पा ही मद्यं निघतात. आपल्याकडे त्या तोडीचं गिऱ्हाईक नाही, म्हणून ढीग पडून राहतो.

ब्लॅक सोल्जर फ्लाय आपल्याला नवखी नाही. शेणाच्या उकिरड्यावर, ओल्या कचऱ्याच्या डब्यात ती आपणहून येते. प्रौढ माशी पाच ते आठ दिवस जगते, काही खात नाही, नुसतं पाणी पिते, त्यामुळे घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत नाही. मादी एका वेळी साधारण पाचशे अंडी घालते, चौथ्या दिवशी ती फुटतात, आणि पुढचे दोन आठवडे अळी खाण्यापलीकडे काही करत नाही. ओल्या कचऱ्याचं प्रचलित गणित असं: ६० बाय ४० सेंटिमीटरच्या एका क्रेटमध्ये पाच दिवस वयाच्या दहा हजार अळ्या, बारा दिवसांत तीन हप्त्यांत १५ किलो खाद्य. टनभर चांगल्या कचऱ्यामागे १५० ते २०० किलो अळ्या मिळतात, बाकी उरतं ते विष्ठा, कात आणि न खाल्लेला भाग, म्हणजे अळीखत.

‘चांगल्या कचऱ्यामागे’ हे शब्द नेमके जाहिरातींत गाळले जातात. द्राक्षाचा चोथा अळीच्या दृष्टीने चांगला कचरा नाही. इटलीत तुरिनच्या संशोधकांनी वायनरीचा आणि बिअर कारखान्याचा चोथा दोन्ही अळ्यांना देऊन पाहिले. बिअरच्या चोथ्यावर अळ्या लवकर तयार झाल्या, वायनरीच्या चोथ्यावर तीन आठवड्यांच्या आसपास लागले. कारण कागदावरच्या पृथक्करणात दिसत नाही. नत्राचा आकडा बरा असतो, पण त्यातलं बरंचसं नत्र बियांमध्ये आणि टॅनिनशी बांधलेलं असतं, अळीच्या तोंडी लागत नाही. नुसत्या चोथ्यावर अळ्यांच्या उत्पादनाचा प्रचलित आकडा निम्मासुद्धा धरू नये. कोंबड्यांना, माशांना प्रथिनं विकून प्रकल्प फेडू, असा हिशेब मांडणाऱ्याने हे आधी पाहावं. आमच्या मते वायनरीच्या बाबतीत अळी हे उत्पादन समजूच नये. ती खत करणारी मजूर आहे. तयार अळ्या जवळच्या गावरान कोंबड्यांना किंवा शेततळ्यातल्या माशांना गेल्या तर वरकमाई.

आता खरी अडचण. गाळप जानेवारी ते मार्च. निफाडला याच दिवसांत पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात. अळीला २७ ते ३० अंश लागतात, वीसच्या खाली ती सुस्तावते आणि माश्यांचं मीलन तर जवळपास थांबतं. ज्या आठवड्यात चोथा सर्वाधिक, त्याच आठवड्यात अळ्या सर्वात कमी. वर आकाराचा प्रश्न. वर्षाला ५०० टन द्राक्षं गाळणारी वायनरी धरा: ११० टन चोथा, ७५ दिवसांत, म्हणजे दिवसाला दीड टन. रोज शंभर क्रेट नवे भरायचे, प्रत्येक क्रेट वीस दिवस अडकणार, म्हणजे एका वेळी दोन हजार क्रेट. रोज दहा लाख अळ्या. आणि एप्रिलमध्ये खाद्य संपलं की एवढा मोठा कळप उपाशी. असा प्रकल्प दुसऱ्या हंगामापर्यंत टिकला नाही तर नवल नाही.

पण आपल्या हंगामात एक सोय दडलेली आहे, जी तुरिनला किंवा बोर्दोला नाही. तिकडे द्राक्षतोडणी संपते तेव्हा पानगळ आणि पाऊस सुरू होतो. आपल्याकडे तोडणी संपते तेव्हा उन्हाळा सुरू होतो. चोथा त्याच दिवशी अळ्यांना घालण्याचा हट्ट सोडावा. फेब्रुवारीअखेर आणि मार्चचा चोथा सिमेंटच्या खळ्यावर किंवा ताडपत्रीवर दोन-तीन इंचांच्या थरात पसरावा आणि दिवसातून दोनदा फावड्याने उलटावा. चांगलं ऊन असेल तर तीन-चार दिवसांत तो कडकडीत वाळतो. लाल चोथ्यातलं अल्कोहोल याच वेळी उडून जातं. ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आला की गोण्यांत भरून कोरड्या शेडमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. मुठीत चुरडल्यावर साल मोडली पाहिजे, वळली तर अजून एक ऊन द्यावं. अवकाळीचं सावट असेल तेव्हा संध्याकाळी ढीग करून झाकणं आलंच. जानेवारीतला पांढरा चोथा मात्र थंडीत नीट वाळत नाही. त्याला मुरघासासारखं दाबून, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत हवाबंद करावं. सामू मुळातच कमी असल्याने तो सहज टिकतो, फक्त पिशवीला भोक पडता कामा नये.

वाळवण्याचा आणखी एक मोठा फायदा बियांचा. चोथ्याच्या कोरड्या वजनात बिया चाळीस टक्क्यांच्या आसपास असतात आणि अळी बी फोडू शकत नाही. बियांसकट चोथा क्रेटमध्ये गेला तर शेवटी चाळताना काय होतं ते बघण्यासारखं असतं: खत खाली पडतं आणि चाळणीवर अळ्या आणि बिया एकत्र नाचत राहतात. दोन्ही जवळपास सारख्याच जाडीच्या, कुठलीही जाळी त्यांना वेगळं करत नाही. काही जण म्हणून बिया दळून घालतात. तेही नको, कारण दळलेल्या बीतलं टॅनिन आणि तेल खाद्यात मिसळतं आणि आधीच मंद असलेली अळी आणखी मंदावते. वाळलेल्या चोथ्यातून मात्र बिया साध्या चाळणी-उफणणीने निघतात. त्यांत दहा टक्क्यांहून जास्त तेल असतं, म्हणजे त्यांना स्वतंत्र गिऱ्हाईक शोधता येतं, आणि अळ्यांपुढचं काम बरंच हलकं होतं.

आता तोच हिशेब पुन्हा करू, सोयीसाठी सगळाच चोथा वाळवून चाळला असं धरून. ११० टन ओला चोथा म्हणजे सुमारे ३८ टन कोरडा, बिया गेल्यावर २३ टन. हा मेच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, १०५ दिवसांत वापरला आणि भिजवून ६८ टक्के ओलाव्यावर आणला, तर दिवसाला सातशे किलोच्या आत बसतो. रोजचे क्रेट पन्नासच्या खाली, एका वेळी हजाराच्या आत. पसारा निम्म्यावर आला. शिवाय पावसाळ्यात नाशिकची हवा अळीला मानवते, दमट आणि पंचवीस अंशांच्या आसपास. ढगाळ दिवसांत माश्यांना मीलनासाठी उजेड कमी पडतो, तिथे पैदास जाळीत दिवे लावावे लागतील. तेवढा खर्च टळत नाही.

भिजवण्यासाठी नुसतं पाणी वापरू नये. टाक्यांच्या तळाशी बसलेला वाइनचा गाळ म्हणजे मेलेलं यीस्ट, प्रथिनांचा आयता साठा, पण तो एकूण खाद्याच्या दहा टक्क्यांपर्यंतच ठेवावा, कारण त्यात सल्फाइट आणि आम्ल दोन्ही असतं. उरलेली वीस-तीस टक्के भर टोमॅटोची, हॉटेलच्या ओल्या कचऱ्याची किंवा गव्हाच्या कोंड्याची. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतो, तो इथे उपयोगी पडतो. लासलगावचा कांदा मुबलक असला तरी त्यावर भिस्त ठेवू नये, त्यातली गंधकयुक्त द्रव्यं अळीला रुचत नाहीत. कोंबडीखत घालायचं असेल तर त्या अळ्या पुन्हा कोंबड्यांना खायला घालायच्या नाहीत, एवढं पथ्य. सामू पाचच्या पुढे येईपर्यंत चुनखडीची पावडर मिसळावी, टनामागे चार-पाच किलोंपासून सुरुवात करून. राख नको. राखेतून पालाश (पोटॅश) वाढतं, आणि पालाश हाच पुढचा मुद्दा आहे.

क्रेटमध्ये थर दहा सेंटिमीटरच्या वर गेला की खालचा भाग घुसमटतो आणि रात्रीतून अळ्या भिंतीवर चढून बाहेर पडतात. अळ्या पळाल्या म्हणजे बहुतेक वेळा हेच कारण, नाहीतर खाद्य पुन्हा आंबून तापलं आहे. मूठभर खाद्य दाबल्यावर बोटांतून एक-दोन थेंब यावेत, धार आली तर कोंडा मिसळावा. मांडणीचे पाय तेलाच्या किंवा पाण्याच्या वाट्यांत ठेवले नाहीत तर मुंग्या एका रात्रीत लहान अळ्यांचा फडशा पाडतात.

सगळ्यात फसवी गोष्ट मात्र फवारणीची. द्राक्षावर फुलकिडे आणि मिलीबगसाठी जी कीटकनाशकं मारतात, ती कीटकांना मारण्यासाठीच असतात आणि सोल्जर फ्लाय हाही कीटकच. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामधला प्रतीक्षा काळ माणसाच्या सुरक्षेसाठी ठरवलेला असतो, अळीसाठी नव्हे. माणसाला निर्धोक असलेला अंश अळीची वाढ खुंटवू शकतो. यावर स्वस्त उपाय आहे: प्रत्येक बागेचा चोथा वेगळ्या खुणेच्या गोण्यांत ठेवायचा, आणि वापरण्याआधी त्यातल्या मूठभर भिजवलेल्या चोथ्यात शंभर अळ्या सोडून तीन दिवस पाहायचं, शेजारी कोंड्यावर शंभर अळ्या ठेवून. चोथ्याच्या डब्यात दहापेक्षा जास्त मेल्या तर ती गोणी साध्या कंपोस्टला. बोर्डो या मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकातलं तांबं वेगळ्या जातीचं दुखणं आहे. ते अळीला फारसं बाधत नाही, पण कुठे जातही नाही. चोथ्याचं कोरडं वजन अर्ध्यावर आलं की उरलेल्या खतात तांब्याचं प्रमाण दुप्पट होतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तपासणीत त्याच्या जवळ आकडा आला तर ज्या बागेत वर्षानुवर्षं बोर्डो पडलं आहे तिथे ते खत पुन्हा टाकण्यात शहाणपण नाही.

अळ्या काढल्यावर जे उरतं त्याला लगेच खत म्हणून गोणीत भरणं ही दुसरी घाई. ते अर्धकच्चं असतं. अमोनियाचा वास येतो, क्षारता जास्त असते, सालीतला काष्ठमय भाग तसाच असतो, कारण लिग्निन पचवणं अळीचं काम नाही. ते काम गांडुळांचं आणि बुरशीचं. स्पेनच्या गॅलिसिया भागात व्हिगो विद्यापीठातल्या संशोधकांनी आल्बारिन्यो द्राक्षाचा चोथा थेट गांडुळांकडून कुजवून घेतला आहे, मध्ये माशी नाही, आणि चांगलं खत मिळवलं आहे. मग माशी कशाला, हा आक्षेप रास्त आहे. वर्षाला पन्नास टन गाळणाऱ्या लहान वायनरीने गांडूळखताचाच रस्ता धरावा, तिला क्रेट-जाळ्यांचा पसारा परवडणार नाही. मोठ्या वायनरीत ओला, गोडसर, गाळ मिसळलेला माल गांडुळांना तापतो, पस्तीस अंशांच्या पुढे ती मरतात. अळी तोच माल आधी खाऊन त्यातला तापणारा भाग संपवते. म्हणून आधी अळी, मग चार ते सहा आठवडे गांडूळ. खत तयार झालं की नाही हे मुळ्याच्या किंवा मेथीच्या बियांवरून कळतं: खताच्या अर्कात आणि साध्या पाण्यात सारख्या बिया टाकाव्यात, अर्कातली उगवण पाण्यातल्या उगवणीच्या ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर आणखी मुरू द्यावं. खतात अळीच्या कातीतून आलेल्या कायटिनमुळे वेलीची रोगप्रतिकारशक्ती वाढते, असं विक्रेते सांगतात. प्रयोगशाळेत त्याचे काही पुरावे आहेत, पण त्या भरवशावर डाऊनी (केवडा) रोगाची एकही फवारणी चुकवू नये.

हे वेळापत्रक कुठे येऊन थांबतं ते पाहा. ऑगस्टअखेर शेवटचे क्रेट, सप्टेंबरापर्यंत बहुतेक लॉटचं खत तयार, आणि नेमकं तेव्हाच गोडी बहार छाटणीआधी (फळांसाठीच्या छाटणीआधी) बोदालगत, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यालगत, चाऱ्या पडलेल्या असतात. शेतकऱ्याला जास्तीची मजुरी नाही. शेवटचे लॉट उशिरा तयार झाले तर एप्रिलच्या खरड छाटणीला जातात.

किती टाकायचं? इथे उत्साहाला लगाम घालावा लागतो. पाचशे टन द्राक्षं म्हणजे एकरी सहा टनांच्या हिशेबाने सुमारे ८३ एकर. त्यांच्या चोथ्यातून भर धरून पंचवीसेक टन खत होईल, म्हणजे एकरी तीन क्विंटल. हजार वेलींच्या एकरात वेलीमागे ३०० ग्रॅम. शेणखताची जागा हे घेऊ शकत नाही. त्यातून एकरी चार-सहा किलो पालाश परत जातं, तर सहा टन द्राक्षांबरोबर बारा ते अठरा किलो बाहेर गेलेलं असतं. परतफेड अपुरी, पण बरोबर जागी.

आणि जागा चुकली तर काय होतं? सध्या जिथे चोथा खत म्हणून वापरला जातो, तिथे तो बहुधा वायनरीच्या स्वतःच्या, आवाराला लागून असलेल्या बागेत जातो, कारण वाहतूक वाचते. ते पंचवीस टन पाच एकरांत रिचवले तर एकरी पासष्ट ते शंभर किलो पालाश, दरवर्षी. वाइनच्या द्राक्षाला हे मानवत नाही. पालाश सालीत साठतं, रसातल्या टार्टारिक आम्लाशी बांधलं जाऊन स्फटिक होऊन तळाशी बसतं, आम्लता उतरते, सामू चढतो. उष्ण हवामानात आधीच आम्लता कमी पडते, म्हणून वाइनमेकर टार्टारिक आम्ल विकत आणून रसात घालतो. आपल्याच चोथ्याने आपल्याच बागेत पालाश वाढवायचं आणि मग आम्लाची बिलं भरायची! त्यात जास्त पालाशामुळे मॅग्नेशियमची कमतरता येते, पानं शिरांमध्ये पिवळी पडतात. तिकडे वीस किलोमीटरवरचा करार शेतकरी दर छाटणीला पोटॅश विकत घेत असतो.

म्हणून हा प्रश्न कीटकांचा कमी आणि मालकीचा जास्त आहे. वायनरी आणि शेतकरी यांच्या करारात दर, ब्रिक्स (द्राक्षातल्या साखरेचं माप), तोडणीची तारीख सगळं लिहिलेलं असतं, चोथ्याबद्दल ओळ नसते. दर ठरवताना शेतकऱ्याच्या बाजूने ही ओळ आली पाहिजे, आणि तिला आधार म्हणून करपरताव्याच्या योजनेत अट. वायनरीवाले म्हणतील की अंमलबजावणी कोण मोजणार. मोजमाप आधीच होतं: प्रत्येक शेतकऱ्याच्या द्राक्षाची काटापावती असते, त्यावरून चोथ्याचा अंदाज निघतो, त्यावरून खताचा. खताची उलटी पावती तेवढी जोडायची. पैदास केंद्र प्रत्येकाने उभारू नये. विंचूरच्या वाइन पार्कसारख्या ठिकाणी एक सामाईक केंद्र पाच दिवसांच्या अळ्या पुरवेल आणि उरलेल्या महिन्यांत शहराचा ओला कचरा खाऊन कळप जिवंत ठेवेल. सुरुवात दोनशे टनांच्या वरच्या वायनऱ्यांपासून करावी, लहानांना गांडूळखत करून किंवा नुसता वाळवलेला चोथा परत देऊन अट पूर्ण करू द्यावी.

पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून एकच गोष्ट हवी: वाइनच्या द्राक्षासाठी या खताची मात्रा आणि तांब्याची सुरक्षित मर्यादा, आपल्या काळ्या आणि मुरमाड जमिनींसाठी वेगवेगळी. मग गोणीवर पालाश, क्षारता आणि तांबं यांचे आकडे छापलेले असले, की शेतकरी देठ परीक्षणाचा (पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांच्या तपासणीचा) अहवाल शेजारी धरून कुठल्या प्लॉटला किती टाकायचं आणि कुठल्या प्लॉटला अजिबात नाही, ते ठरवेल.